दुपारचा कारागीर

लाकडात ओल आहे की नाही हे आमचा दादा गाल लावून सांगायचा. हातावर त्याचा भरवसा नव्हता. हात कामाने राठ झालेला असतो, तो खोटं बोलतो, गाल बोलत नाही, असं म्हणायचा. कुणी कपाटाचं दार आणलं, टेबलाची फळी आणली, की आधी डोळे मिटून तिच्यावर गाल टेकवायचा, आणि आणणारा माणूस ओशाळून दुसरीकडे बघायचा. शिवणयंत्रावरून वहिनी म्हणायची, "आमच्या वाट्याला कधी आला नाही तो गाल."

दादा डोळे न उघडता म्हणायचा, "तू कोरडी आहेस. तुला कशाला तपासायचं."

घर लहान आहे. पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणकाम, मागे स्वयंपाकघर आणि दादाची झोपायची खाट, त्यामागे चिमूटभर अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याची शेड. वरची खोली माझी. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावर इथे आले ती इथलीच झाले. शेड मुळात बाबांची. बाबाही लाकडाला पॉलिश करायचे आणि त्यांनीच दादाचा हात धरून त्याला शिकवलं. बाबा कापडाचा बोळा फिरवायचे, गोल गोल, एका वर्तुळाच्या पोटात दुसरं. दादाने पुढे बोळा टाकला आणि ब्रश धरला. बोळ्याचं काम दिसायला सुंदर, पण आता कुणाला तेवढी वाट बघायला वेळ आहे, असं त्याचं म्हणणं.

दादाची एक खोड होती. पॉलिशच्या शेवटच्या हाताच्या आधीचा हात अर्धवट वाळला की वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी, खणाच्या आत किंवा फळीच्या पोटाखाली, तो उजवा अंगठा हलकेच दाबायचा आणि त्यावर शेवटचा हात मारायचा. अंगठा कायमचा आत राहायचा. त्या अंगठ्यावर तिरका वण होता, तरुणपणी पटाशी लागली तेव्हाचा. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं तर वण डावीकडून उजवीकडे उतरायचा. लाकडावर उमटला की उलटा, उजवीकडून डावीकडे. रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला वहिनी अंगठेबहाद्दर म्हणायची ती यावरून.

बाबांचं शेवटी काय झालं ते सांगायला हवं. त्यांना आम्ही ओळखू येईनासे झालो. त्रास काही नव्हता त्यांचा. एक स्टूल घेऊन शेडच्या दारात बसायचे आणि घासायचे. सकाळी घासायचे, संध्याकाळी घासायचे, आणि आम्हाला विचारायचे, कसं झालंय. आम्ही म्हणायचो, छान झालंय बाबा. होता होता स्टुलाची बैठक मधोमध इतकी पातळ झाली की एक दिवस त्यांचं बोट त्यातून आरपार गेलं. ते बोट त्यांनी वर काढलं आणि दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं कितीतरी वेळ बघत राहिले.

बाबा गेल्यावर दादाने वहिनीकडून शब्द घेतला. म्हणाला, "माझं असं व्हायला लागलं तर मला तोंडावर सांगायचं. पहिल्या दिवशी सांगायचं. छान झालंय म्हणायचं नाही."

वहिनीने शब्द दिला. मी समोरच होते. त्यानंतर आमच्या घरात 'विसरलास वाटतं' हे शब्द कुणी सहज काढत नसे. चष्मा विसरला, पिशवी विसरली, तरी आम्ही 'राहिली' म्हणायचो.

असं सगळं चाललेलं असताना ती चाकवाली आली.

चाकवाली म्हणजे औषधाच्या दुकानातून घरोघर औषधं पोचवणारी मुलगी. पाठीला पिशवी, गुडघ्यांना पॅड आणि पायाखाली बोर्ड. विजेवर चालणारा. लाकडाची लांब फळी, तिला चार चाकं, पोटाला बॅटरीचा डबा. वर उभं राहायचं, हातातलं बटण दाबायचं, की फळी माणसाला घेऊन पळते. वरून बघितलं की वाटायचं ही मुलगी नुसती उभी आहे आणि रस्ता तिच्याखालून सरकतोय.

दादाने बोर्ड उलटा करून पाहिला. "पाटाला चाकं कुणी लावली?"

"काका, याला बोर्ड म्हणतात."

"बोर्ड दारावर असतो. त्याच्यावर नाव असतं."

"याच्यावर मी असते," ती म्हणाली.

दादाला ती तिथेच आवडली. तिने सांगितलं, सखल भागात रस्त्यावर सारखं पाणी असतं, पाइप फुटलेले असतात, आणि आता बोर्ड मधेच बंद पडायला लागलाय. परवा भर चौकात थांबला आणि मागून बस येत होती. दुकानात दाखवला तर म्हणाले डबा ठीक आहे, लाकूड खराब झालंय, नवीन घ्या. "मला हाच हवा. सवयीचा आहे. पाणी आत जाणार नाही असं काही होईल का?"

दादाने गाल टेकवला. बराच वेळ टेकवला. "प्यायलाय," म्हणाला. "पोटभर प्यायलाय. कुठेतरी पाणी मुरतंय, ते आधी शोधावं लागेल. लगेच मिळणार नाही. तोवर चाल. पाय आहेत ना अजून?"

ती हसून पायी गेली.

पाणी कुठून मुरत होतं ते दादाने त्याच दिवशी शोधलं. चाकांच्या बैठकी आणि डबा सोडवला, तर स्क्रूच्या भोकांच्या आत लाकूड काळं पडलेलं. वरून कितीही रंगवलेलं असो, भोकाच्या आत लाकूड उघडंच असतं, तिथून ते पितं. दुसरं, फळीची दोन्ही टोकं. लाकडाच्या रेषा जिथे कापल्या जातात ते तोंड सगळ्यात तहानलेलं. मागच्या टोकाला फळीचे थर सुटायला लागले होते, जुन्या वहीच्या पानांसारखे.

त्याने फळी सावलीत, दोन्ही अंगांना वारा लागेल अशी टेकवून ठेवली आणि वाळू दिली. मग सुटलेल्या थरांत पातळ पात्याने गोंद सारून ते शिकंज्यात आवळले. वरच्या बाजूला पाय घसरू नये म्हणून काळा खरखरीत कागद चिकटवलेला होता, तो त्याने तसाच राहू दिला. आधी पोट करू, मग पाठ, म्हणाला. पोटाची बाजू जाड कागदाने घासायला घेतली आणि अर्धी झाल्यावर जेवायला आला. जेवला, खाटेवर आडवा झाला. दुपारची झोप त्याने उभ्या आयुष्यात चुकवली नव्हती.

उठून चहा घेऊन शेडमध्ये गेला आणि तिथूनच मला हाक मारली.

"तू हात लावलास का याला?"

"मी कशाला लावू?"

फळीचं पोट पूर्ण घासलेलं होतं. नुसतं घासलेलं नाही. जाड कागद, मधला कागद, बारीक कागद, सगळं झालेलं. मधे ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले तंतूही परत घासलेले. धूळ पुसलेली. फडकं घडी घालून ठेवलेलं आणि अजून दमट.

"मी अर्धंच केलं होतं," दादा म्हणाला. "जाड कागदाने."

"विसर—" मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्याने ऐकलं की नाही ठाऊक नाही. तो लाकडावरून बोटं फिरवत होता. मग पुढच्या खोलीत जाऊन वहिनीला विचारलं, "दुपारी कुणी आलं होतं?"

"कोण येणार. मी इथेच आहे." यंत्र थांबलं नाही. वर बघितलं नाही तिने.

"कुणीतरी आलं होतं. आणि ज्याने केलंय त्याला काम येतं."

दुसऱ्या दिवशी दादाने स्क्रूची भोकं मोठी केली, त्यात दोन भागांचा घट्ट गोंद भरला. तो दगडासारखा झाला की त्यातच नव्याने बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही, पाणी आलं तरी दाराशीच थांबतं. गोंद भरून तो जेवायला आला, झोपला, उठला. भोकं पाडून तयार होती. सरळ, एका रेषेत. ड्रिल जागेवर टांगलेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर पॉलिशचा पहिला हात चढलेला होता. पहिला हात पातळ करून द्यायचा असतो, लाकडाने आत ओढून घ्यावा म्हणून. तसाच दिलेला. टोकांना जास्त, कारण टोकं जास्त पितात.

दादा रागावला नाही. मला वाटतं तेव्हा त्याला जरा मजाच वाटत होती. म्हणाला, "काम मात्र चोख करतो हरामखोर. कोण आहे ते बघू." पुढच्या दुपारी शेडच्या उंबऱ्यापासून आत त्याने बारीक भुसा पसरला आणि झोपायला गेला. उठल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. भुशात चपलांचे ठसे होते, आत जाणारे आणि बाहेर येणारे. दादाने चप्पल काढून ठशाशेजारी ठेवली. बरोबर बसली.

"माझ्याच चपला घालून जातो," दादा म्हणाला. "भामटा आहे. चप्पल दाराशी काढतो मी, तीच पायात घालतो."

मी मान हलवली. पटलं म्हणून नाही. तो एवढ्या सहज म्हणाला की मला त्यात हात घालवेना.

मग त्याने फळी उचलून उजेडाकडे धरली, तिरकी, आणि त्याचा चेहरा बदलला. "इकडे ये," म्हणाला. "काय दिसतंय?"

मला आधी काही दिसलं नाही. मग उजेड सरकला आणि वर्तुळं दिसली. अगदी पुसट. एका वर्तुळाच्या पोटात दुसरं. ब्रशचा हात नव्हता तो. बोळ्याचा होता.

अंगणात ऊन लखलखत होतं, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. अंगावर काटा यायला अंधारच लागतो असं मला तोवर वाटायचं.

"बाबांचा हात आहे," दादा शेवटी म्हणाला.

संध्याकाळी मी देवापुढे बसले तेव्हा बाबांसाठी काही मागावं की बाबांकडे काही मागावं हेच कळेना. नुसते हात जोडले. माझा विश्वास आहे की गेलेला माणूस चांगल्या जागी जातो. पण ज्याला शेवटी आपलं घरही ओळखू आलं नाही, तो वाट चुकून पुन्हा शेडमध्ये येऊन बसला असेल, आणि हातात जे आलं ते घासत असेल, असं मनात आलं आणि ते जाईना. भीती वाटली म्हणू तर तसंही नाही. या वेळी स्टुलाऐवजी त्यांना काहीतरी कामाचं मिळालं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले नाही. वर खिडकीशी बसून राहिले. सगळी गल्ली गप्प झाली आणि शेडमधून आवाज यायला लागला. कागद लाकडावरून जात होता. लांब, लांब, आणि मग एक आखूड, श्वास घेतल्यासारखा. लहानपणी त्या आवाजावर मी झोपलेली आहे. मी देवाचं नाव घेतलं आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यावरून स्वयंपाकघराचं मागचं दार दिसतं. दारात वहिनी उभी होती, माझ्याकडे पाठ करून, अंगणापलीकडे बघत. हातातल्या कापडाला सुई तशीच टोचलेली.

"वन्सं," ती न वळता हळू आवाजात म्हणाली, "वर जा."

मी गेले. खाट जिन्यावरून दिसत नाही. तिला बाबा दिसत असणार असं मी धरून चालले, आणि ती घाबरलेली नाही याचा मला आधार वाटला.

पोटाची बाजू पुरी झाली. आता पाठ. खरखरीत कागद गरम केल्याशिवाय निघत नाही, म्हणून दादाने वहिनीचं केस वाळवायचं मशीन मागून घेतलं.

"माझ्या केसांनी काय घोडं मारलंय," वहिनी म्हणाली. "सगळं त्या पाटालाच."

दादा हसला. सकाळची वेळ होती. मी शेडमध्ये बॅटरीच्या डब्याची जुनी रबरी पट्टी खरवडत बसले होते. तिथे नवीन पट्टी आणि सिलिकॉन लावायचं होतं. दादाने पुढच्या टोकाला ऊब दिली आणि कागदाचा कोपरा धरला.

"हा सैल कसा?" म्हणाला. "आधी कुणी उचललाय."

कागद चरचरत निघाला. त्याने तो गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि फळीकडे वळला. आणि तसाच राहिला.

पुढच्या टोकाशी, फिकट लाकडावर, तपकिरी रंगात एक अंगठा उमटलेला होता. मधून तिरका वण.

मी उठून जवळ गेले. दादाने स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी आणला. मापाने तोच. वणाने तोच. आणि माझ्या मनात आधी आलं ते हे, की बाबांच्या अंगठ्याला वण नव्हता. बाबा कुठे अंगठा उठवतही नसत.

"दादा, हा तुझा आहे."

"माझा नाही," तो म्हणाला. "बघ नीट. माझा उमटला की वण उलटा पडतो. जन्मभर बघतोय. हा सुलटा आहे."

खरंच होतं. ठशातला वण डावीकडून उजवीकडे उतरत होता, अगदी त्याच्या बोटावर उतरतो तसाच. ठसा बघतोय असं वाटतच नव्हतं. अंगठाच बघतोय असं वाटत होतं.

"बाहेरून दाबला तर असा येत नाही," दादा म्हणाला. आवाज खाली आला होता. "आतून दाबला तर येईल. लाकडाच्या आतून, आपल्याकडे."

मी त्याचा हात धरला. मला तेव्हा जे वाटलं ते लिहायलाही बरं वाटत नाही. वाटलं, त्या एवढ्याशा फळीच्या पलीकडे कुणीतरी आहे, आणि ते आमचंच कुणीतरी आहे, आणि त्याला बाहेर यायचंय.

दादा स्टुलावर बसला. तो काम अडलं की असा बसायचा, नजर एका जागी ठेवून, ओठ हलवत. मग त्याने स्वतःचा अंगठा उताणा करून पाहिला. नखाच्या कडेला तपकिरी रंग होता. त्या दिवसांत सकाळी तो एका कपाटाच्या दाराला अक्रोडी रंग देत होता, तोच.

"तो कागद दे," म्हणाला.

"कुठला?"

"डब्यात टाकला तो."

मी काढून दिला. त्याने तो उलगडला आणि चिकट बाजू उजेडाकडे केली. कोपऱ्याजवळ तोच अंगठा होता, तपकिरी. वण उजवीकडून डावीकडे. नेहमीसारखा, उलटा.

"कळलं," दादा म्हणाला, आणि मला समजावून सांगू लागला, मी शाळेतली पोर असल्यासारखं. "खाली लाकूड कुठलं आहे ते बघायला कोपरा उचलला. अंगठ्याला रंग होता. तो चिकट बाजूला लागला, तिथे उलटा उमटला. मग कागद परत खाली दाबला. कागदावरून लाकडावर गेला. उलट्याचा उलटा झाला की सुलटा. झालं. भूत नाही, काही नाही." मग म्हणाला, "मीही असंच बघितलं असतं."

तो माझ्याकडे बघत होता. भूत असतं तर बरं झालं असतं.

"बोलाव तिला," तो म्हणाला.

वहिनी आली. दारातच थांबली. फळी, कागद, दादाचा उताणा अंगठा, सगळं तिने एकदा पाहिलं, आणि पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"पाट आला त्याच्या थोडं आधीपासून. आधी नुसते उठून शेडमध्ये जाऊन बसायचात. मग येऊन झोपायचात."

"आणि मग?"

"मग एक दिवस पुढचं दार वाजलं." वहिनी त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मागून अंगणातून गेला होतात, बोळातून वळसा घालून पुढे आलात. मी दार उघडलं. मला म्हणालात, बाई, इथे पॉलिशचं काम मिळेल असं कळलं."

दादाने डोळे मिटले. गाल लावताना मिटायचा तसे.

"मी म्हटलं, मालक झोपलेत. तर म्हणाला, झोपू दे त्यांना. आधी माझा हात बघा, मग ठरवा."

"दिसायला कसा होता?"

"कसा असणार. तुमच्यासारखाच. पण लाजरा. नजर वर करेना. चपला बाहेर काढू का म्हणून विचारलं मला."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार. कामावर ठेवलं. म्हटलं, मागे शेड आहे, पाट आहे, पोटाची बाजू घासा."

त्या दुपारी दारात सुई टोचलेलं कापड धरून ती काय बघत उभी होती ते मला आता कळलं.

"शब्द दिला होतास," दादा म्हणाला. रागाने नाही.

"दिला होता. तोंडावर सांगीन असा. त्या तोंडाला मी कोण ते माहीत नव्हतं, त्याला काय सांगू? आणि उठलात की तुम्ही इतके खुशीत असायचात, काम चोख झालंय म्हणून. छान झालंय म्हणायचं नाही असं मला बजावलं होतं तुम्ही. पण छान झालंय असं तुम्हीच म्हणत होता."

अंगणात कावळा येऊन बसला आणि उडाला. शेवटी दादाने विचारलं, "हात कसा आहे त्याचा?"

"तुम्ही बघितलाय की."

"बघितलाय. चांगला आहे. बोळा मला कधी इतका जमला नाही." तो उठला आणि फळीवर हात ठेवून उभा राहिला. "ठेव त्याला. पण मला रोज सांगायचं. उठलो की आधी ते, मग चहा. काय केलं, काय बोलला, तुला काय म्हणाला. सगळं."

"बाई म्हणाला तेही?"

"तेही."

डॉक्टरांकडे नंतर गेलो. त्यांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, बाबांच्या वेळी सांगितलं होतं तेच जरा नव्या शब्दांत सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

बोर्ड पुरा झाला. तो सुलटा अंगठा दादाने घासून काढला नाही. त्यावरच पॉलिशचे हात दिले, आणि त्याच्या शेजारी, शेवटच्या हाताआधी, स्वतःचा नेहमीचा उलटा अंगठा दाबला. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावे लागतात, नाहीतर फळी एका अंगाला वाकते. सकाळचे दादाने दिले, दुपारचे त्याने. नवा खरखरीत कागद चिकटवताना दादाने पुढच्या टोकाला थोडी जागा उघडी सोडली.

चाकवाली घ्यायला आली तेव्हा त्याने तांब्याभर पाणी फळीवर ओतलं. पाण्याचे टपोरे मणी झाले आणि घरंगळून गेले. फळी कोरडी.

"आता हा पिणार नाही," दादा म्हणाला. "पण एक लक्षात ठेव. जे बाहेर आहे ते आत जात नाही, तसं जे आत राहिलंय तेही आता बाहेर येत नाही."

तिने वाकून पाहिलं. "काका, हे अंगठे दोन का?"

"दोघांनी केलंय."

"दुसरे कोण?"

"दुपारी असतो," दादा म्हणाला.

ती फळीवर उभी राहिली आणि रस्ता तिच्याखालून सरकायला लागला. वळणावर तिने हात केला. वहिनीही दारात आली होती. तिने हात केला नाही, नुसती बघत राहिली.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. शब्द वहिनीने पाळला, रोज पाळला. दादा उठायचा, ती खाटेच्या कडेला बसून सांगायची: आज खुर्चीचे पाय केले, आज पाणी मागितलं, आज तुमचं गाव कुठलं म्हणून विचारलं मला. दादा ऐकायचा, कधी हसायचा, कधी भिंतीकडे तोंड करायचा. पण नंतर नंतर वेळा बदलायला लागल्या. तो दुपारचा कारागीर सकाळीही यायला लागला. पुढच्या दाराने, दार वाजवून, चपला बाहेर काढून. मला ताई म्हणतो. लाजरा आहे, वहिनी म्हणाली ते खरं आहे. मालकांची चौकशी करतो आणि त्यांना उठवू नका म्हणतो. दिवसभर बोळा फिरवतो. मी संध्याकाळी देवापुढे बसते तेव्हा आता दोघांसाठी मागते.

हल्ली दादा दुपारी येतो. थोडाच वेळ. झोपून उठला की आधी वहिनीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आम्हाला कळतं की हा तो आहे. मग वहिनी सांगते. ऐकून झालं की तो अंगण ओलांडून शेडमध्ये जातो, केलेल्या कामावर डोळे मिटून गाल टेकवतो आणि परत येतो.

काल तसाच आला. शेडच्या दारात उभा राहून अंगठा पुसत होता.

"हात बसला त्याचा," म्हणाला. "आता माझं काही काम नाही इथे."

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तोंडासमोर तोंड.

"आहे," म्हणाली. "उद्या या."